ऑडिटसाहेब बसत का नाहीत

माझं मिसळीचं हॉटेल पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोरच्या गल्लीत, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर डॉक्टर चारुताचा दवाखाना. पाटीवर ठसठशीत अक्षरात, 'मूळव्याध व फिशर'. गिऱ्हाईकं मला म्हणायची, "काशीराम, तुझं नि डॉक्टरीणबाईंचं साटंलोटं दिसतंय. तू खाली माल तयार करतोस आणि ती वर दुरुस्त करते." मी म्हणायचो, "हो, फक्त कमिशनवर अडलंय."

खरं सांगायचं तर वर काळं कुत्रं जात नव्हतं. रोगी नव्हते म्हणून नाही. जिना रस्त्यावरून सरळ दिसायचा म्हणून. वर दुसरं काहीच नव्हतं, ना शिंपी ना क्लास. त्यामुळे जो तो जिना चढला त्याने भर बाजारात स्वतःच्या बुडाची दवंडी पिटली, असा हिशोब. लोक जिन्यापाशी यायचे, वर बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि चहा सांगायचे. बाकडी रिकामी आणि चहा उभ्याने. एवढी उभी गिऱ्हाईकं दुसऱ्या कुठल्या हॉटेलात दाखवा, मी मिसळ फुकट देतो.

इमारत ऑडिटसाहेबांची. नाव कृष्णकांत, पण त्यांना नावाने हाक मारायची छाती गावात कुणाची नव्हती. अलिबागला सरकारी ऑडिटमध्ये जन्म काढला आणि रिटायर होऊन पनवेलला दुसऱ्यांच्या चुका काढायला मोकळे झाले. गणपती मंडळाच्या पत्रिकेत 'श्री' राहिला की हे पेन काढणार. माझ्या फळ्यावर 'मीसळ' लिहिलं होतं, तर स्वतः ओला फडका मागून घेतला. चारुता त्यांची सून. मुलगा अपूर्व बेलापूरला नोकरीला. सकाळी जातो, संध्याकाळी येतो आणि मधल्या वेळात कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

सून दवाखाना काढणार म्हटल्यावर साहेबांनी खोली दिली खुशीने. पाटी लागली तेव्हा मात्र रस्त्यात उभं राहून ती दोनदा वाचली.

"अख्ख्या पनवेलच्या..." साहेबांना पुढचा शब्द सापडेना. "...ह्याची चौकशी माझ्या सुनेने करायची?"

"बाबा, मी सर्जन आहे."

"लहान मुलांचं शिकायला काय झालं होतं? पोलिओचे थेंब पाजायचे, लोक नमस्कार करतात."

"थेंब पाजायला सर्जन कशाला लागतो?"

झालं. साहेबांनी अटच घातली. एक बँक त्या खोलीसाठी मागे लागली होतीच. दसऱ्यापर्यंत आकडे दाखव, म्हणाले. पनवेलला ह्या दवाखान्याची गरज आहे हे कागदावर सिद्ध कर. नाहीतर खोली बँकेला, आणि तू कुणा बालरोगवाल्यांकडे बस.

पोरगी रडली-बिडली नाही. मुंबईला जाऊन आपल्या सरांकडून एक प्रश्नावली घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर पसरली. मला वाटलं, किती सुजलंय, कुठे सुजलंय असलं काहीतरी असणार. तसं काही नाही. माणूस जगतो कसा, ते त्यात विचारलेलं. बसता येतं का, झोप लागते का, लग्नाकार्याला जाता का, आवडीचं खाता का, घरच्यांवर खेकसता का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहा. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे जीव नकोसा.

"हल्ली नुसता रोग मोजत नाहीत काका," ती म्हणाली. "रोगाने आयुष्याची काय वाट लावली ते मोजतात."

"मोजा. पण कुठे? वर तर कुणी येत नाही."

म्हणून मीच तिला कोपऱ्यातलं टेबल दिलं. उभे पिणारे हेरून हेरून तिच्याकडे धाडायचं काम माझं. असलं काम मला कुणी सांगावंच लागत नाही.

पहिला सापडला आनंदाशेठ. बेलपाड्याचा. जमीन सरकारात गेली, पैसे आले, पैशाची जीप आली. त्याने चहाची बशी तोंडाला लावली होती, तोवर चारुताने विचारलं, "आनंदाशेठ, बसताना त्रास होतो का?"

अख्खं हॉटेल चावायचं थांबलं.

"मना?" आनंदा म्हणाला. "मना कसला तरास? आमी मजेत."

"मग उभे का?"

"जीपमदी बसून बसून कंटाललो."

शून्य. पुढे कळंबोलीच्या लोखंड बाजारातले शेठ आले. ते म्हणाले, "बाई, धंदेवाला बसला नाही तर धंदा बसतो. एकदम मजेत." आणि पाव घेऊन भिंतीला टेकले. तेही शून्य. गंगाबाई भाजीवाली, दिवसभर पाटीमागे बसणारी, उठताना दर वेळी देवाचं नाव घ्यायची. ती म्हणाली, "मजेत हाय गं बाय, तुजं कसं चाललंय?" शाळेच्या हेडमास्तरांनी प्रश्नावली चष्मा लावून वाचली, भाषा सभ्य नाही असा शेरा मारला, सगळीकडे शून्य घातलं आणि प्रत्येक शून्याखाली रेघ ओढली.

आठवड्याभराने चारुता बेरजा करून बसली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काका, ह्या हिशोबाने पनवेलचा मूळव्याधीचा पेशंट देशात सगळ्यात सुखी आहे. मी स्वतः भरली तर माझे आकडे जास्त येतील. मला निदान सासरे तरी आहेत."

सासरे आलेच. उभ्या उभ्या कागद चाळले, बेरजा तपासल्या, एक हातचा सुटलेला दाखवला आणि म्हणाले, "तक्रार नाही, नुकसान नाही. प्रकरण निकाली. बँकेच्या मॅनेजरला मी दसऱ्यानंतर बोलावतो." आणि ताठ मानेने गेले. ऑडिटसाहेब कुठेही उभेच असायचे. सोसायटीच्या सभेत उभे, देवळात कीर्तनाला खांबाशी उभे. लोकांना वाटायचं, साहेबी सवय आहे, सगळ्यांवर लक्ष ठेवतात. मलाही तसंच वाटायचं. पण त्या दिवशी ते मागच्या आपल्या घराच्या पायऱ्या चढताना मागून बघितले, आणि मला बाकीच्या उभ्यांची आठवण झाली. मी तेव्हा गप्प बसलो. अशी गोष्ट लगेच वापरायची नसते.

मी चारुताला म्हटलं, "डॉक्टर, तुमचा प्रश्न बरोबर आहे, माणूस चुकतोय. पनवेलमध्ये स्वतःचं दुखणं कुणी सांगत नाही. शेजाऱ्याचं विचारा."

"असं शास्त्रात बसत नाही काका."

"शास्त्रात जाऊ दे, इथे कुणीच कुठे बसत नाहीये."

ती हसली, आणि नाइलाजाने तयार झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न तेच, फक्त 'तुम्हाला'च्या जागी 'त्यांना'. काय सांगू तुम्हाला. नळ फुटला.

आनंदाची बायको चंद्रावती जीपमधून उतरून थेट टेबलाशी आली. "आमचे मालक? एका कुल्ल्यावर बसून जीप चालवतान. खड्डा आला का आईला हाक मारतान, म्हातारी जाऊन किती वर्सा झाली." आनंदाने लोखंडवाल्या शेठचं सांगितलं, की तो गादीवर बसायच्या नावाखाली गुडघे टेकून असतो, गिऱ्हाईकाला वाटतं पूजा चाललीय. शेठनी हेडमास्तरांचं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, मी कुणाबद्दल बोलत नसतो, आणि शाळेची मधली सुट्टी संपेपर्यंत चौघांबद्दल बोलले. गंगाबाईने तर रांगेतल्या सगळ्या भाजीवाल्यांची जंत्री दिली. कोण नारळाच्या शेंडीची राख ताकातून घेतं, कोण बोटात अंगठी घालून फिरतं, कुणाला सुरण खाऊन खाऊन स्वप्नात सुरण दिसतो. गावाला एकमेकांची एवढी काळजी आहे हे मला माहीतच नव्हतं.

चारुताचं पेन थांबेना, पण समाधान नव्हतं. "हे सगळं ऐकीव आहे काका. ह्याला किंमत नाही. बाबा पहिल्या ओळीला कागद फेकून देतील."

"मग ज्याचं ऐकलं, त्यालाच ऐकवा."

माझ्या हॉटेलच्या मोरीमागून एक जिना वर जातो. पूर्वी लाकडं चढवायला होता. गिऱ्हाईकाने हात धुवायला जावं आणि हात धुता धुता वर पोचावं, अशी सोय. मी आनंदाला म्हटलं, हात धुऊन ये. पडद्यामागे चारुता त्याला म्हणाली, "नाव नाही सांगत, पण तुमच्याबद्दल असं ऐकलं की तुम्हाला दहा मिनिटंसुद्धा बसता येत नाही."

"कोन बोलला? खोटा हाय. आर्धा तास बसतो मी."

"अर्धा तास?"

"आर्धा तास म्हंजे... दुपारचा. सकालची गोष्ट येगली. सकाली मातर..."

आणि मग आनंदाशेठ सकाळचं सांगायला लागला. सकाळचं संपलं, तर प्रवासाचं. प्रवासाचं संपलं, तर सासुरवाडीचं. मला कसं माहीत? मी चहा घेऊन पडद्याबाहेर उभा होतो. चहा कुणी मागितला नव्हता.

तिथे आम्हाला किल्ली सापडली. आमच्याकडचा माणूस स्वतःचं दुखणं मेला तरी सांगणार नाही. पण ते दुसऱ्याने चुकीचं सांगितलं, तर दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही. चारुता रोज मुद्दाम थोडं चुकीचं सांगायची, आणि माणसं चवताळून बरोबर सांगायची. माझ्या मोरीवर हात धुणाऱ्यांची रांग लागली. साबणाच्या वड्या बदलता बदलता मी थकलो.

हे सगळं फार गमतीचं चाललं होतं. पण एक दिवस गंगाबाई वरून खाली आली, डोळ्याला पदर लावून निघून गेली आणि तिच्यामागून चारुता आली. मी छेडलं तेव्हा म्हणाली, "कुणाचं ते सांगणार नाही. पण एक बाई दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि उपास धरतात. देवासाठी नाही. उपास केला की दुसरी सकाळ बरी जाते म्हणून." मी चहा ठेवला पुढ्यात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑडिटसाहेब कागद तपासायला दवाखान्यात आले. मी चहा घेऊन वर गेलोच. साहेब खिडकीशी उभे. सगळं वाचलं, बेरजा जमल्या, हातचे जागेवर. म्हणून चिडले.

"ही सगळी कोण माणसं आहेत? नावं कुठायत?"

"नावं लिहायची नसतात, बाबा."

"मग मी समजायचं काय? जीपवाले, भाजीवाले, लोखंडवाले. ह्यांना काय, जरा टोचलं की बोंब. सभ्य माणूस असल्या गोष्टीने आयुष्य अडवून घेत नाही. ह्यात एक तरी सुशिक्षित, रिटायर्ड, प्रतिष्ठित गृहस्थ दाखव."

चारुताने कागद गोळा करायला घेतले. मी मनात म्हटलं, आता.

"आहेत एक साहेब," मी म्हणालो. "लिहायचे राहिले. मी सांगतो, डॉक्टर, तुम्ही लिहा. वय साठीचं, सरकारी नोकरीतून रिटायर. पाच मिनिटंसुद्धा खाली बसत नाहीत."

"पाच मिनिटं?" साहेब म्हणाले. "अशक्य. असा माणूस पाच मिनिटं बसू शकत नाही हे कुठल्या आधारावर?"

"ऐकलंय असं."

"चुकीचं ऐकलंस. वीस मिनिटं बसू शकतो. कडक खुर्चीवर. मऊ गादीवर कमी."

चारुताने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे.

"बरं, वीस लिहा. स्कूटर होती, ती विकून टाकली."

"विकली नाही. मुलाला दिली. विकणं आणि देणं ह्यात फरक असतो काशीराम."

"दिली लिहा. लोक म्हणतात, चोरून दारू प्यायचे म्हणून झालं."

"कोण म्हणतं? तो माणूस सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. नोकरीभर फायली उपसत बसला, म्हणून झालं."

"रक्त रोज जातं."

"रोज नाही." साहेबांचा आवाज जरा उतरला. "अमावास्या-पौर्णिमा बघून जात नाही, पण रोज नाही."

आता मला थांबायला हवं होतं. पण मी थांबलो असतो तर मी काशीराम कसला. माझ्या मोरीच्या खिडकीतून साहेबांच्या घरातल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. जेवणवेळेला साहेब तिथे ताट हातात घेऊन उभे असतात. गल्लीवर लक्ष ठेवतात, अशी माझी समजूत होती. तेच घेतलं नि मीठ-मसाला लावला.

"जेवतातसुद्धा उभ्याने. खिडकीशी. बायकोशी पटत नाही, म्हणून तिच्यासोबत पाटावर बसत नाहीत."

"साफ खोटं," साहेब म्हणाले. "बायकोचा ह्यात काही संबंध नाही. बसवत नाही म्हणून उभा राहतो."

"कोण उभा राहतो?"

आवाज दारातून आला. सुमतीवहिनी. सुनेचा डबा घेऊन आल्या होत्या, आणि डबा तसाच हातात.

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक रिक्षा उभी होती.

"दोन वर्षं," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं मी विचारतेय, भाजीत काय कमी पडलं. तुम्ही म्हणता काही नाही, आणि ताट घेऊन तोंड फिरवता. मी मसाला बदलला. मिरची बंद केली. माझ्या हातचं तुम्हाला नकोसं झालं, असं मी माझ्या बहिणीपाशी रडले. तिने मला साईबाबांचे गुरुवार करायला सांगितले. मी केले."

"सुमती, सूनबाईसमोर—"

"सूनबाई ह्याचीच डॉक्टर आहे. तिला सांगवत नव्हतं, समजलं. मला काय झालं होतं सांगायला?"

"काय सांगणार होतो?"

"दुखतंय. एवढा एक शब्द."

मला माझा चहा घेऊन खाली पळावंसं वाटत होतं. माझ्या आयुष्यात मी फार लोकांच्या खोड्या काढल्या, पण कुणाच्या स्वयंपाकघरात शिरून काढली नव्हती. ह्या बाईने दोन वर्षं रोग नावाची सवत सांभाळली होती, आणि तिचा आकडा कुठल्याच कागदावर नव्हता.

सुटका केली चारुताने. तिने मान वर न करता, अगदी आनंदाला विचारायची त्याच सुरात विचारलं, "बाबा, त्या गृहस्थांना झोप लागते का?"

साहेबांनी खिडकीचं दार लोटून घेतलं. "त्या गृहस्थांना," ते म्हणाले, "पहाटे जाग येते. सकाळ होणार म्हणून."

"लग्नाकार्याला जातात?"

"आहेर पाठवतात."

"घरी चिडचिड होते?"

"होते," वहिनी म्हणाल्या.

"होते," साहेब म्हणाले.

असे सगळे प्रश्न झाले. शेवटपर्यंत 'ते गृहस्थ' साहेब झाले नाहीत, आणि आम्हा तिघांपैकी कुणी त्यांना करायला गेलं नाही. चारुताने बेरीज मांडून कागद पुढे केला. साहेबांनी तपासला, खिशातलं पेन काढलं, बसण्याच्या प्रश्नाला सहा होते ते खोडून आठ केले आणि बाजूला सही ठोकली. नावं लिहायची नसतात हे विसरले.

"आता खोलीचं काय, बाबा?" चारुताने विचारलं.

"बँकेला कळवतो. जागा मोकळी नाही म्हणून."

"आणि त्या गृहस्थांचं?" वहिनी म्हणाल्या.

सुनेने सासऱ्याला तपासायचं, हे पनवेलमध्ये आजही जमणार नाही, तेव्हा तर नावच नको. चारुताने मुंबईला आपल्या सरांना फोन केला. दिवाळीच्या अलीकडे साहेब आणि वहिनी मुंबईला गेले. गावात सांगितलं, मोतीबिंदू. परत आले ते काळा चष्मा लावून. इतकं चोख काम की चष्म्याच्या आत कापूससुद्धा होता.

थोड्या दिवसांनी साहेब माझ्या हॉटेलात आले आणि बाकावर बसले. पाठ टेकून, दोन्ही बाजूंनी, सारखे. ताक मागवलं. सगळे होते. आनंदाशेठ, लोखंडवाले, हेडमास्तर.

"सायब, डोले कशे हायत आता?" आनंदाने विचारलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "काल सोसायटीच्या सभेत तासभर बसलो."

कुणी हसलं नाही. पनवेल एवढं वाईट गाव नाही. शेठ म्हणाले, "डोळ्यांचं तसंच असतं." आनंदानेही मान हलवली. मी भट्टीकडे तोंड करून बराच वेळ पाव मोजत राहिलो.

तेवढ्यात हेडमास्तर साहेबांच्या बाजूला सरकले. उभे होते, अर्थात. घसा साफ केला. इकडेतिकडे बघितलं.

"मलाही," ते म्हणाले, "हल्ली डोळ्यांचा जरा त्रास आहे."

साहेबांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि मास्तरांकडे नीट बघितलं.

"मग इथे काय करताय? वर जा. सूनबाई बसलीय." मास्तर माझ्या मोरीच्या दिशेने वळले. साहेबांनी त्यांना बाहीला धरून रस्त्याकडे फिरवलं. "तिकडून नाही गुरुजी. पुढच्या जिन्याने. डोळ्यांचंच आहे ना, लाजायचं काय त्यात?"